सहा पॉवर सप्लाय, तरी बारावा सर्व्हर सुरू होईना

डेटा सेंटरच्या बातम्या हल्ली मेगावॉटमध्ये येतात. नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे इथं नवी इमारत उभी राहतेय म्हटलं की तिच्यात सर्व्हर, म्हणजे दिवसरात्र चालणारे कामाचे संगणक, किती बसणार हे कोणी सांगत नाही, ती किती मेगावॉटची आहे ते सांगतात. पूर्वी भाव जागेला होता, आता विजेला आहे. वाचणाऱ्याला वाटतं, हा वीज कंपनी, सबस्टेशन आणि मोठमोठ्या जनरेटरचा विषय असणार. असतोच. पण तो हिशेब शेवटी एका छोट्या फ्रिजएवढ्या लोखंडी पेटीत येऊन ठरतो, तोही सेटिंगच्या दोन-चार ओळींत. त्या ओळी नीट न वाचल्यामुळे भली भली माणसं रात्रभर सर्व्हर रूममध्ये कुडकुडत बसलेली आहेत. त्यात मीही एक.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका सहकारी बँकेत रविवारी रात्री नवा सर्व्हर बसवायचं काम होतं. पेटीत अकरा सर्व्हर आधीपासून चालू होते, बारावा मी खाचेत सरकवला. कट्ट असा आवाज आला, दिवा लागला, बटण दाबलं. सर्व्हर सुरू होईना. पडद्यावर संदेश आला: पुरेशी वीज उपलब्ध नाही. मागे सहा पॉवर सप्लाय, सहाही हिरवे. त्याच पडद्यावर त्या क्षणाचा वापर दिसत होता ४,१८० वॉट, आणि सहा पॉवर सप्लायची एकूण ताकद १६,२०० वॉट. म्हणजे घरात पोतंभर तांदूळ असताना आलेल्या पाहुण्याला उपाशी बसवायचं!

पेटीनं नकार का दिला आणि तो बरोबर कसा होता, हे समजलं की हा विषय जवळपास समजला.

पेटीत असतं काय

या पेटीला चॅसी म्हणतात. आत सर्व्हर पुस्तकांसारखे उभे, शेजारी शेजारी बसतात. अशा पातळ सर्व्हरला ब्लेड म्हणायची पद्धत आहे. ब्लेडला स्वतःचा पंखा नसतो आणि स्वतःची विजेची वायरही नसते. वीज, हवा, नेटवर्क सगळं चॅसीकडून, म्हणजे शुद्ध एकत्र कुटुंब. २००६ मध्ये आलेली एचपीची सी७००० आणि २००८ ची डेलची एम१०००ई या अशा जातीतल्या गाजलेल्या पेट्या. दोन्हींत १६ ब्लेड आणि ६ पॉवर सप्लाय बसतात, आणि दोन्हींची उंची साधारण ४४ सेंटिमीटर. आज नव्या पिढीच्या पेट्या आल्या आहेत, पण विजेच्या हिशेबाची पद्धत तीच आहे.

पॉवर सप्लाय म्हणजे भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन सर्व्हरला चालणारी १२ व्होल्टची डीसी वीज देणारा ठोकळा. एम१०००ई मध्ये तो २,७०० वॉटपर्यंतचा मिळायचा. घरातला गिझर साधारण २,००० वॉटचा असतो, त्यावरून अंदाज घ्या.

एकत्र कुटुंब म्हटलं की कोठीच्या किल्ल्या सांभाळणारं कोणीतरी लागतं. चॅसीत ते काम एक छोटा स्वतंत्र संगणक करतो. त्याला आपण कारभारी म्हणू. कोणता ब्लेड सुरू होईल, कोणाला किती वीज मिळेल, एखादा पॉवर सप्लाय गेला तर काय करायचं, हे सगळं तो ठरवतो. त्या रात्री मला नाही म्हणाला तो हाच कारभारी.

वापर वेगळा, वचन वेगळं

घरचं वीजबिल काढून बघा. त्यावर ‘मंजूर भार’ असा रकाना असतो, किलोवॉटमध्ये. तुम्ही दुपारी एक पंखा लावून झोपला असाल, तरी महावितरणच्या वहीत तुमच्या नावावर तो पूर्ण भार धरलेला असतो. कारण संध्याकाळी तुम्ही गिझर, एसी आणि मिक्सर एकदम लावू शकता, आणि लावताना विचारायला येणार नाही.

कारभाऱ्याची वही अशीच असते. ब्लेड सुरू होण्याआधी तो त्याला विचारतो, तुझी भूक जास्तीत जास्त किती? आत दोन प्रोसेसर, भरपूर मेमरी असेल तर उत्तर येतं, समजा, ६०० वॉट. एरवी तो २८० वॉटवर भागवत असेल, पण वहीत ६०० लिहिले जातात. सर्व्हर अर्धवट सुरू झालेला असताना ‘वीज संपली’ म्हणता येत नाही, म्हणून वचन आधी आणि बटण नंतर.

आता त्या रात्रीचा हिशेब मांडू. ११ ब्लेड, प्रत्येकी ६०० वॉट, म्हणजे ६,६००. पेटीतले पंखे आणि नेटवर्कचे स्विच यांचे धरू १,१००. एकूण वचन ७,७०० वॉट. बारावा आला की ८,३००. कारभाऱ्याची हद्द होती ८,१००. संपला विषय.

पण ताकद तर १६,२०० ची होती ना? ती निम्म्यावर कोणी आणली? आम्हीच. बसवताना.

तीन सेटिंग, तीन स्वभाव

रिडंडन्सी म्हणजे एखादी गोष्ट बंद पडली तरी काम न थांबावं म्हणून मुद्दाम ठेवलेली जास्तीची सोय. चॅसीच्या सेटिंगमध्ये तिचे साधारण तीन पर्याय दिसतात.

पहिला, रिडंडन्सी नाही. सहाही पॉवर सप्लायची पूर्ण १६,२०० वॉट वाटून टाकायची, राखीव काही नाही. एक ठोकळा गेला तर तेव्हाचं तेव्हा.

दुसरा, एक पॉवर सप्लाय राखीव. याला एन प्लस वन म्हणतात. पाचांच्या जिवावर वाटप, म्हणजे १३,५००, सहावा गाडीतल्या स्टेपनीसारखा. कुठलाही एक ठोकळा बिघडला तरी सर्व्हरला पत्ता लागत नाही.

तिसरा, अर्धा संच राखीव. डेल आणि सिस्को याला ग्रिड रिडंडन्सी म्हणतात, एचपी एसी रिडंडंट म्हणतं. इथं तीन पॉवर सप्लाय एका विजेच्या वाटेला आणि तीन दुसऱ्या वाटेला जोडायचे. एक वाटच्या वाट मेली, तरी उरलेल्या तिघांनी सगळं घर सांभाळायचं. म्हणून वाटप तिघांच्या ताकदीएवढंच, ८,१०० वॉट.

स्टेपनी आणि ग्रिड यांतला फरक पुष्कळांच्या लक्षात येत नाही. स्टेपनी एका पंक्चरसाठी असते. भिंतीतली एक वाट गेली की तीन चाकं एकदम बसतात, तिथं एक स्टेपनी काय करणार? पॉवर सप्लाय स्वतःहून बिघडण्यापेक्षा बाहेरची वाट जाण्याची शक्यता माझ्या अनुभवात जास्त. एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा खटका) पडतो, कोणीतरी चुकीचा प्लग उपटतो, यूपीएसची देखभाल निघते. म्हणून बँक, हॉस्पिटल, रेल्वे आरक्षण असल्या कामाला मी तिसराच पर्याय सांगतो. चाचणीच्या किंवा शिकण्याच्या पेटीला पहिला ठेवला तरी आभाळ कोसळत नाही.

इथंच तो सुप्रसिद्ध इशारा येतो: ‘रिडंडन्सी लॉस्ट’. पेटीवर पिवळसर दिवा, मेल, एसेमेस. लोक धावत येतात, बघतात तर सगळे सर्व्हर झकास चालू. मग ‘काही नाही रे, फॉल्स अलार्म’ म्हणून परत जातात. हा खोटा इशारा नसतो. स्टेपनी चढवून गाडी चालली आहे, एवढंच तो सांगत असतो. गाडी आधीसारखीच पळते, फक्त पुढच्या पंक्चरला डिकी रिकामी असते.

“निम्मी ताकद राखीव? म्हणजे निम्मे पैसे पाण्यात!”

हिशेब तपासणाऱ्यांकडून हा प्रश्न हमखास येतो, आणि तो अगदी चुकीचा नाही. सहा ठोकळे घ्यायचे आणि तिघांएवढंच वापरायचं, हे कागदावर खुपतंच.

पण राखीव तीन ठोकळे कोपऱ्यात झोपलेले नसतात. सहाही भार वाहतात, फक्त प्रत्येक जण निम्म्याहून कमी. बैलजोडीसारखं आहे. दोन्ही बैल जुवाखाली असतात, पण गाडीत माल एवढाच भरायचा की एक बैल बसला तर दुसरा एकटा घरापर्यंत ओढेल. एरवी दोघं आरामात चालतात.

आणि पॉवर सप्लायला अर्धा भार मानवतो. विजेचं रूपांतर करताना थोडी वीज उष्णता होऊन जातेच, पण ते नुकसान साधारण निम्म्या भारावर सगळ्यांत कमी असतं. ८० प्लस नावाचं प्रमाणपत्र असतं, त्यातला टायटॅनियम दर्जा मिळवायचा तर २३० व्होल्टवर निम्म्या भाराला ९६ टक्के कार्यक्षमता दाखवावी लागते. भार अगदीच कमी झाला तर मात्र कार्यक्षमता घसरते. त्यावर कंपन्यांनी तोडगा काढला आहे: रात्री काम कमी असलं की कारभारी एक-दोन ठोकळ्यांना डुलकी घेऊ देतो, उरलेल्यांना चांगल्या भारावर चालवतो आणि गरज पडली की झोपलेल्यांना उठवतो. सेटिंगमध्ये हे चालू-बंद करता येतं.

एकाच फांदीला दोन झोके

दोन दगडांवर पाय ठेवू नये म्हणतात. ग्रिड रिडंडन्सीत नेमकं तेच करायचं असतं, आणि लोक नेमके इथंच एका दगडावर दोन्ही पाय ठेवतात.

सेटिंगमध्ये ‘ग्रिड’ निवडलं की कारभारी आपल्या वहीत निम्मी वीज राखून ठेवतो. पण मागच्या वायरी कुठं गेल्या आहेत हे त्याला कळत नाही. त्याला फक्त एवढंच माहीत असतं की १, २, ३ नंबरचे ठोकळे एका वाटेचे आणि ४, ५, ६ दुसऱ्या. तुम्ही सहाही वायरी सॉकेटच्या एकाच पट्टीत खोचल्या तरी पडद्यावर हिरवं चिन्ह येणार: रिडंडन्सी व्यवस्थित.

एका ठिकाणी मी वायरींवर लाल आणि निळी टेप लावलेली पाहिली. सुरेख काम, प्रत्येक प्लगवर नंबर. लाल वायरी लाल पट्टीत, निळ्या निळ्या पट्टीत. पट्ट्यांच्या मागे हात घालून वायर धरत धरत गेलो, तर दोन्ही पट्ट्या एकाच यूपीएसच्या दोन सॉकेटमध्ये. झोके दोन, फांदी एक.

“यूपीएस आहे, जनरेटर आहे, मग ही कटकट कशाला?”

कारण जनरेटर इमारतीला वीज देतो, आणि ती तुमच्या पेटीत पोचते की नाही हे शेवटच्या दोन मीटर वायरीवर ठरतं.

याचं महागडं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ८ ऑगस्ट २०१६ ला अटलांटामध्ये डेल्टा एअरलाइन्सच्या डेटा सेंटरमध्ये वीजपुरवठा सांभाळणारं एक उपकरण बिघडलं. राखीव वीज उपलब्ध होती. पण सुमारे ७,००० उपकरणांपैकी ३०० च्या आसपास उपकरणं त्या राखीव विजेला नीट जोडलेलीच नव्हती, असं कंपनीच्या प्रमुखांनीच नंतर सांगितलं. ७,००० मधली ३००, म्हणजे शंभरात जेमतेम चार. तरी तीन दिवसांत २,००० हून जास्त विमानं रद्द झाली आणि सुमारे १५ कोटी डॉलरचा फटका बसला. कारण सर्व्हर एकमेकांवर अवलंबून असतात. ९६ जण जिवंत असून उपयोग नाही, त्यांना ज्याचं उत्तर हवं आहे तोच चौघांत असेल तर सगळे ताटकळत बसतात.

पुढच्याच वर्षी, मे २०१७ मध्ये, लंडनला ब्रिटिश एअरवेजचे सुमारे ७५,००० प्रवासी अडकले. तिथंही मूळ विजेतच होतं: पुरवठा तुटला आणि परत आला तो बेशिस्त, त्यानं उपकरणांचं नुकसान केलं.

पॉवर कॅप म्हणजे कंजुषी नव्हे

आता दुसरी सेटिंग. पॉवर कॅप म्हणजे ‘भिंतीतून एवढ्या वॉटच्या वर ओढायचं नाही’ असा कारभाऱ्याला दिलेला हुकूम. नाव ऐकून वाटतं, वीजबिल वाचवायला असेल. बिलावर थोडा परिणाम होतो, पण तिचं खरं काम वायर आणि एमसीबी वाचवण्याचं आहे.

पुन्हा त्या बँकेत येऊ. रॅकमध्ये, म्हणजे पेट्या ठेवायच्या कपाटात, अशा दोन चॅसी होत्या, आणि दोघींत मिळून विजेच्या दोन वाटा, लाल आणि निळी. प्रत्येक वाटेला ३२ अँपिअरचा एमसीबी. ३२ गुणिले २३०, म्हणजे एका वाटेची ताकद ७,३६० वॉट. कायम चालणाऱ्या भारासाठी त्याच्या ८० टक्क्यांच्या पुढे जाऊ नये असा आमच्यात दंडक आहे, म्हणजे साधारण ५,९०० वॉट.

गर्दीच्या तासांत प्रत्येक पेटी भिंतीतून ५,४०० वॉट ओढायची, दोन्ही मिळून १०,८००. तो भार दोन वाटांत विभागला की एकेका वाटेवर ५,४०० वॉट, म्हणजे साडेतेवीस अँपिअर. ३२ च्या एमसीबीवर साडेतेवीस. बघणारा म्हणेल, उत्तम! रोजच्या नोंदवहीत कोणालाही यात खोट दिसली नसती.

आता लाल वाट गेली असं समजा. १०,८०० वॉटचा सगळा भार निळीवर. ४७ अँपिअर, तेही ३२ च्या एमसीबीवर.

गंमत अशी की तो लगेच पडत नाही. शॉर्टसर्किट झालं तर एमसीबी क्षणात पडतो, पण थोड्या जादा भारासाठी त्याच्या आत दोन धातूंची एक चिकटवलेली पट्टी असते. ती तापते, हळूहळू वाकते आणि पुरेशी वाकली की खटका सोडते. क्षमतेच्या १.४५ पट भार असेल तर तो तासाभराच्या आत पडला पाहिजे, असं त्याचं मानक सांगतं. तासाभरात! म्हणजे लाल वाट जाते, सगळे सर्व्हर टिकतात, कोणीतरी टाळ्या वाजवतं, साहेबांना फोन जातो, ‘सर, रिडंडन्सी चालली!’ आणि वीसेक मिनिटांनी, चहाचा कप हातात असताना, निळीचा खटका पडतो. मग दोन्ही पेट्या अंधारात.

दोष चॅसीचा नाही, सेटिंगचाही नाही. प्रत्येक पेटीनं आपल्यापुरती निम्मी ताकद राखली होती. पण शेजारच्या पेटीनंही त्याच वायरीवर भरवसा ठेवला आहे, हे दोघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. म्हणून कॅपचा आकडा पॉवर सप्लायच्या पाठीवर बघून काढायचा नसतो. एक वाट मेल्यावर उरलेल्या वाटेचा सर्वांत नाजूक सांधा किती भार पेलेल, त्यावरून काढायचा.

मग सर्व्हर हळू नाही होत?

होतो, वेळ आली तर. लपवण्यात अर्थ नाही.

कॅप जवळ आली की कारभारी ब्लेडना सांगतो, जरा दमानं. प्रोसेसर आपला वेग उतरवतो आणि वेग उतरला की वीज झपाट्यानं कमी लागते. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये वॉटचा आकडा देऊन त्याच्या आत राहायला लावण्याची सोय २०११ च्या सँडी ब्रिज पिढीपासून आहे. घाटात ट्रक खालच्या गियरमध्ये टाकावा तसं हे. माल पोचतो, थोडा उशिरा.

पण ही वेळ किती वेळा येते? २००७ मध्ये गूगलच्या तीन अभियंत्यांनी हजारो सर्व्हरचा वापर मोजून एक निबंध लिहिला. सगळ्या यंत्रांनी एकदम कमाल भूक दाखवली तर जी बेरीज होईल, तिच्या जवळ प्रत्यक्षातली बेरीज कधी जातच नाही, असं त्यांना दिसलं. हजारो सर्व्हरच्या गटात ७ ते १६ टक्के फरक राहायचा, आणि संपूर्ण डेटा सेंटरचा विचार केला तर तो जवळजवळ ४० टक्क्यांपर्यंत जायचा. सोसायटीतल्या सगळ्या घरांचे गिझर एकाच मिनिटाला लागत नाहीत, तसंच.

वाट अचानक जाते तेव्हा मात्र कारभाऱ्याला आकडेमोड करायला सवड नसते. आपल्याकडे ५० हर्ट्झ वीज, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे क्षणभर वीज साठवणाऱ्या भागात, साधारण तेवढाच श्वास शिल्लक असतो. तेवढ्यात उरलेल्या ठोकळ्यांनी भार उचलायचा, आणि तो त्यांना जड जात असेल तर प्रोसेसरला वेग उतरवण्याचा इशारा थेट तारेनं जातो, सॉफ्टवेअरची वाट न बघता.

आधी कोणी उपाशी राहायचं

समजा, एवढं करूनही वीज पुरत नाही. मग कोणाची तरी कमी करावीच लागते, शेवटी कोणाला तरी बंद करावं लागतं. कारभारी हे प्राधान्यक्रमावरून ठरवतो. एम१०००ई मध्ये प्रत्येक ब्लेडला १ ते ९ मधला आकडा देता येतो, १ सर्वांत वरचा.

आणि कारखान्यातून पेटी येते तेव्हा सगळ्यांना १ असतो. सगळेच मानाचे पाहुणे! बँकेच्या खात्यांचा सर्व्हर १, कर्मचाऱ्यांच्या हजेरीचा १, आणि कोणीतरी प्रयोगासाठी बसवून विसरून गेलेला तोही १. मी पाहिलेल्या बहुतेक पेट्यांत हा आकडा कोणी बदललेलाच नसतो. कारण तो बदलायचा तर चार खात्यांच्या साहेबांना एका खोलीत बसवून ‘तुमचा सर्व्हर आधी बंद होईल’ असं एकाला तोंडावर सांगावं लागतं. काम तांत्रिक नाहीच, मानापमानाचं आहे. पण ते खोलीत ठरलं नाही तर अंधारात कारभारी ठरवतो, आणि हजेरीचा सर्व्हर की खात्यांचा, हे त्याला कळत नाही.

एआयच्या पेट्यांत हा हिशेब आणखी अवघड होतो

एनव्हिडियाच्या डीजीएक्स एच१०० या आठ जीपीयूच्या (एआयची आकडेमोड करणाऱ्या चिपच्या) एका पेटीची कमाल भूक १०.२ किलोवॉट आहे. आपल्या त्या दोन्ही चॅसी मिळून गर्दीच्या तासांत जवळपास तेवढं ओढायच्या. तिलाही सहाच पॉवर सप्लाय, ३.३ किलोवॉटचे. पण इथं व्यवस्था चार अधिक दोन अशी आहे, म्हणजे चालवायला चार, राखीव दोन.

आता जुन्या सवयीनं तीन लाल, तीन निळे जोडून बघा. एक वाट गेली तर उरतात तीन ठोकळे, म्हणजे ९.९ किलोवॉट. भूक १०.२. थोडक्यात हुकलं! इथं दोन वाटांऐवजी तीन हव्यात, प्रत्येकीवर दोन ठोकळे. एक गेली तरी चार शिल्लक. ठोकळे तेवढेच, फक्त वायर कुठं खोचली यावर कोटींची यंत्रं टिकणार की नाही ते ठरतं.

पुन्हा त्या बँकेत

बारावा सर्व्हर सुरू होत नव्हता तेव्हा मॅनेजर साहेबांनी फोनवर सरळ उपाय सांगितला, “ते रिडंडन्सी का काय ते काढून टाका, सकाळी उघडायचंय.” खोटं कशाला बोलू, माझं बोट माउसवर गेलं होतं. पर्याय बदलला असता तर हद्द एका क्षणात ८,१०० ची १६,२०० झाली असती, बारावाच काय, सोळाही ब्लेड सुरू झाले असते. आणि एमसीबी तेवढाच राहिला असता. त्या रात्री बारावा तसाच खाचेत ठेवून मी घरी आलो. सोमवारी बोलणी खाल्ली.

तोडगा निघाला तो उलट्या दिशेनं. दुसऱ्या चॅसीसाठी बँकेच्या वायरमन काकांनी दोन नव्या वाटा ओढल्या, त्यामुळे प्रत्येक पेटीला स्वतःची लाल आणि स्वतःची निळी मिळाली. पहिल्या पेटीला ५,८०० वॉटची कॅप घातली. भिंतीतल्या ५,८०० मधून ठोकळ्यांतली घट वजा जाता हाती येतात ५,३०० च्या आसपास, त्यातले १,१०० पंखे आणि स्विचचे, उरले ४,२००. मग प्रत्येक ब्लेडला वरची मर्यादा ३५० वॉट. १२ गुणिले ३५०, बरोबर ४,२००. कारभाऱ्याच्या वहीत आता प्रत्येकाच्या नावावर ६०० ऐवजी ३५० लिहिले गेले आणि बाराव्याला जागा झाली. मर्यादा कमी केली म्हणून एक पाहुणा जास्त बसला. साहेबांना हे तीनदा समजावलं, तिसऱ्या वेळी ते ‘बरं’ म्हणाले.

पुढच्या रविवारी रात्री बाराही ब्लेडवर मुद्दाम भार टाकला आणि लाल टेपचे तीन प्लग एकेक करून उपटले. तिसरा निघताच पंखे असे किंचाळले की काकांनी कानांवर हात ठेवले. पिवळा दिवा लागला, ‘रिडंडन्सी लॉस्ट’ चा मेल आला. एकही सर्व्हर पडला नाही. मॅनेजर साहेब हात पुढे करत म्हणाले, “झालं ना? निघू या?”

“तासभर थांबू, साहेब.”

काकांनी निळ्या वायरीला प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लावला. आकडा पंचवीस अँपिअरच्या आसपास खेळत होता. तिघं स्टुलं ओढून एमसीबीसमोर बसलो. दोनदा चहा मागवला. साडेबाराला काकांनी बोटाची मागची बाजू एमसीबीला टेकवून बघितली, म्हणाले, “कोमट आहे,” आणि आम्ही लाल प्लग परत लावले.